लाल्याची कड

कादरचाचा, तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती आणि ती मी वर्षानुवर्षं टाळली. आता तुम्ही नाही, तर ती पोटात राहत नाहीये. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबतो, मुलं बघत राहतात, आणि मला वाटतं की आत्ताच्या आत्ता बस पकडावी, सोनाळ्याला उतरावं, तुमच्या दाराशी उभं राहून सांगून टाकावं. मग आठवतं. तुम्हाला जाऊन अजून तीन आठवडेही झालेले नाहीत.

त्या पावसाळ्यात मी तुमच्याकडे आले ती अडले होते म्हणून. पीएचडीचं काम अर्ध्यावर लटकलेलं. कपाशीच्या पानाचा फोटो पाहून त्यातला लाल्या पडलेला भाग संगणकानं वेगळा काढायचा, हा माझा विषय. लाल्या म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नव्हती. कडेकडेनं पान तांबडं होतं, लाली आत सरकते, पान वाळतं आणि बोंडं भरतच नाहीत. बीटीचं बियाणं आल्यापासून हा जास्तच दिसायला लागला, असं माझे बाबा म्हणायचे. मला तो शेतात दिसत होता, संगणकाला दिसत नव्हता. आणि संगणक बरोबर की चूक हे ठरवायला आधी माणसानं हातानं आखलेली कड लागते. ते काम मी कॉलेजातल्या तीन मुलांना दिलं. तिघांनी एकाच पानावर तीन वेगळ्या कडा आखल्या. सर म्हणाले, "यंत्राला कसं तपासणार? आधी माणसांचं उत्तर तर एक होऊ दे. कोणी पक्क्या हाताचं शोधा."

पक्का हात म्हटल्यावर मला दुसरं नाव सुचलंच नाही. संग्रामपूरपर्यंतच्या रस्त्यावर किराण्याचे, गिरणीचे, शाळेचे जे बोर्ड होते ते तुमचे. माझं वाचन शाळेच्या पुस्तकाआधी तुमच्या भिंतींवर झालं. मी गेले तेव्हा तुम्ही ओट्यावर मोटारसायकलची नंबरप्लेट रंगवत होता. फ्लेक्स आल्यापासून तेवढंच काम उरलं होतं.

"कोणाची वं तू?" तुम्ही विचारलंत. बाबांचं नाव सांगितलं तसे ओळखीचं हसलात. "वंदना! तू तं एवढीशी होती. बस."

मी विषय सांगितला. संगणकाला पान, माती, लाली काही कळत नाही, त्याला नुसते ठिपके दिसतात, त्या ठिपक्यांतून हा तुकडा वेगळा, तो वेगळा असं करायचं. तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजे रंग भरायच्या आधी पेन्सिलीनं आउटलाइन काढतो तसं." मी नाचायचंच काय ते बाकी होतं. सरांना हे समजावून द्यायला मला पूर्ण एक सेमिस्टर लागलं होतं.

मग मी तुम्हाला मांजराची गोष्ट सांगितली. मांजराच्या डोळ्यामागं मेंदूत ज्या पेशी असतात त्या शेजारणीला पाहून एकदम चेततात, सारख्या रंगाच्या जागा एकत्र उजळतात, आणि त्यावरून कोणीतरी संगणकाची एक पद्धत बसवली आहे. ती मी आधी करून पाहिली होती. तुम्ही ब्रश थिनरात बुडवून म्हणालात, "मांजराले लाल रंग दिसते का पण?" मांजराला लाल नीट दिसत नाही हे मला नंतर वाचून कळलं. माझी पद्धत काही त्यामुळं फसली नव्हती, कारणं वेगळी होती, पण तो प्रश्न मला पडायला हवा होता.

"आता मुंग्या घेतल्या आहेत," मी म्हटलं. चित्रावर खोट्या मुंग्या सोडायच्या. एकेक मुंगी ठिपक्यावरून ठिपक्यावर जाते. जिथं रंग एकदम बदलतो तिथं ती वास सोडते. मागून येणारीला तो वास ओढतो, ती पण तिकडंच जाते, तिचा वास त्यात मिसळतो. असं हजारदा झालं की जिथं वास दाट, ती कड.

तुम्ही मला मागच्या अंगणात नेलंत. भिंतीखाली गुळाचा खडा पडला होता आणि मुंग्यांची ओळ लागली होती.

"पाह्य. काठाकाठानं चालून राह्यली का ते? जठी खाणं हाय तठी चालली. तुह्या मुंग्यायले भूक कशाची?"

"रंगातल्या फरकाची."

"अस्सं. म्हंजे त्या फरक खातात." तुम्हाला ते पटलं. मग विचारलंत, "अन् एखादी चुकीच्या वाटेनं गेली तं?"

"वास हळूहळू उडतो चाचा. चुकलेली वाट आपोआप मिटते."

"नाही उडाला तं?"

"मग सगळ्या तिच्यावरूनच जातात. चुकलेलीच वाट पक्की होते."

तुम्ही गुळाचा खडा उचलून बाजूला ठेवलात, मुंग्या कुठं वळतात ते पाहत बसलात. मी घाईत होते, मला परतीची बस दिसत होती. मुंग्या फरक खातात हे वाक्य मात्र मी अजून दरवर्षी पहिल्या तासाला सांगते. मुलं हसतात आणि त्यांना लक्षात राहतं. ते वाक्य तुमचं आहे हे मी मुलांना कधी सांगितलं नाही. ही छोटी चोरी. मोठी पुढं आहे.

तुम्ही फोटोवरून काम करायला नकार दिलात. "पान दाखव. फोटोतलं लाल छापणाऱ्याच्या शाईचं असते." म्हणून आपण बाबांच्या शेतात जायला लागलो. तुम्ही बांधावर पोतं टाकून बसायचे, पान तोडायचं नाही, देठासकट बोटांत धरायचं, उन्हाकडं करायचं, मग फोटोच्या छापील कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवून बारीक ब्रशनं रेघ ओढायची. घामाचा थेंब पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधलेला. एका पानाला अर्धा-अर्धा तास. मी मनात हिशेब करायचे की असंच चाललं तर माझी पीएचडी म्हातारपणी होईल.

आणि एक दिवस पाहिलं तर तुम्ही एकाच पानावर दोन रेघा ओढल्या होत्या. एक आत, एक बाहेर. मध्ये कुठं बोटभर, कुठं दोऱ्याएवढी जागा मोकळी.

"हे काय चाचा?"

"ही रेघ, इच्या अलीकडं पक्कं लाल. ही दुसरी, इच्या पलीकडं पक्कं हिरवं."

"आणि मधलं?"

"ते मले नाही सांगता येत."

"पण मला एकच रेघ हवी. संगणकाला हो किंवा नाही असंच लागतं."

"मंग तू ओढ," तुम्ही ब्रश माझ्यापुढं धरलात. "म्या ओढली तं खोटी होईन."

मी चिडले होते चाचा. तुम्हाला दिसलं असेल. मी म्हटलं, बोर्डावर तर तुम्ही अक्षराची कड कशी एका फटक्यात काढता! तुम्ही म्हणालात, "अक्षर माहं असते. पान माहं नाही." आणि पुढचं पान धरलंत. त्यावरही दोन रेघा. दिवाळीपर्यंत दीडशेच्या वर पानं झाली, सगळ्यांवर दोन-दोन.

आता ऐका. मी ते सगळे कागद घरी नेले, स्कॅन केले, आणि तुमच्या दोन रेघांच्या बरोबर मधून एक तिसरी रेघ काढायला संगणकाला सांगितलं. एका संध्याकाळचं काम. ती रेघ तुमची नव्हती, पानाची नव्हती, माझीसुद्धा नव्हती. तिच्याशी मुंग्यांचं उत्तर ताडून पाहिलं तर सुरेख जुळलं. जुळणारच. मुंग्यांचा माग धूसर जागेच्या मधोमध पडतो, आणि मी रेघही मधोमधच ओढली होती. पेपर छापून आला. त्यात मी लिहिलं, "तज्ज्ञाने हाताने आखलेल्या कडांशी तुलना केली." तुमचं नाव नाही. दोन रेघांचा एका शब्दानं उल्लेख नाही.

पेढे घेऊन तुमच्याकडं आले आणि म्हणाले, "चाचा, तुमच्या रेघेशी जुळलं!"

तुम्ही शमीमचाचींना हाक मारलीत. शेजारच्यांना सांगितलंत. "माह्या रेघेवर कंप्युटर चालते म्हणे." तुमचा तो चेहरा मला आत्ता, हे लिहिताना, बघवत नाही.

पुढच्या हंगामात संग्रामपुरात शेतकऱ्यांचा मेळावा होता आणि मला माझं यंत्र दाखवायला बोलावलं होतं. तुम्ही इस्त्रीचा पांढरा सदरा घालून माझ्यासोबत आलात. ते वर्ष तुम्हाला सांगायला नको. कपाशी डोळ्यांना हिरवीगार होती आणि आतून गेलेली होती. मी पडद्यावर पान लावायचे, मुंग्या फिरायच्या, लाल भाग वेगळा व्हायचा, लोक कौतुकानं बघायचे. मग मागून एक माणूस उठला. हातात पऱ्हाटीची फांदी.

"हे पाह्य बरं मॅडम."

मी फोटो काढला. पान निर्दोष. पडद्यावर अक्षरं आली, 'पान निरोगी'.

त्यानं तिथंच बोंड नखानं फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती. दुसरं फोडलं. त्यातही. त्यानं ती बोंडं माझ्या टेबलावर, लॅपटॉपशेजारी मांडून ठेवली. मागं कोणीतरी हसलं. आणि कोणीतरी तुम्हाला ओळखलं.

"कादरभाई, तुमीच तं लिहेल हाय ना आमच्या भितीवर? आता बोंडअळीची चिंता नको!"

बियाण्याची ती जाहिरात. बीटी नवं होतं तेव्हा तुम्ही आसपासच्या गावांतून किती भिंती रंगवल्या होत्या. हिरवं बोंड, पांढरा कापूस, पिवळी अक्षरं. शाळेत जाता-येता मी ती ओळ मोठ्यानं वाचायचे. मला वाटलं तुम्ही म्हणाल, मी पेंटर, सांगितलं ते लिहिलं. कोणीही तेच म्हणालं असतं आणि ते खरंही होतं.

तुम्ही उभे राहिलात. "हाव," म्हणालात. "म्याच लिहेल हाय. अक्षर माहंच हाय."

फांदीवाला माणूस खाली बघायला लागला.

परतताना काळीपिवळी जीपमध्ये आपण मागच्या सीटवर बसलो होतो. बरंच अंतर गेल्यावर तुम्ही म्हणालात, "तुह्या मुंग्या वरवरच चालतात बेटा."

"ते यंत्र लाल्यासाठी आहे चाचा. अळीसाठी नाहीच."

"मंग तसं सांगाचं होतं तठी. निरोगी काऊन लिहिलं?"

बरोबर होतं तुमचं. 'लाली नाही' आणि 'निरोगी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण मला दिवसभराची लाज बाहेर काढायची होती. मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं होतं का, भिंतीवर लिहिताना?"

तुम्ही खिडकीबाहेर पाहिलंत. सातपुड्याकडं ऊन उतरत होतं. सोनाळ्याला उतरल्यावर तुम्ही "येतो" सुद्धा म्हणाला नाहीत. असं कधी झालं नव्हतं.

आठवड्यानं बाबांचा फोन आला. "कादरभाई चुन्याची बादली घेऊन गावोगाव फिरून राह्यले. जाहिराती पुसून राह्यले." चार-पाच भिंती तुम्ही पांढऱ्या केल्यात. मग एका गावात एक म्हातारी कुदळ घेऊन बाहेर आली म्हणे. तिची भिंत मातीची. ऑइल पेंटमुळं इतकी वर्षं पावसात टिकलेली, आणि तुम्ही तो खरवडायला लागलात. "माही भीत पाडतं काय रे मेल्या! अळीचं अळीपाशी, माह्या घराचं काय?" तुम्ही तिची माफी मागितलीत आणि खरवडलेल्या जागी पुन्हा रंग लावून दिलात. तीच जाहिरात, तीच अक्षरं, जशीच्या तशी. बाबा हे हसत सांगत होते. मला हसता आलं नाही. लोक उभ्या पऱ्हाटीत रोटावेटर घालून पीक मोडून टाकत होते, आणि तुम्ही पिवळ्या रंगानं 'चिंता नको' गिरवत होता. मला पळत यायला हवं होतं. मी आले नाही. परीक्षा होत्या, असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतर मी यायचे, पण पूर्वीसारखी नाही. सणाला, लग्नाला. आपण भांडणाबद्दल बोललो नाही. तुम्ही चहा पाजायचे, बाबांच्या शेतातल्या मक्याची चौकशी करायचे. आणि शेवटचं, मागच्या महिन्यात, तुमचा श्वास लागत होता, उशीला टेकून बसला होता. तुम्ही अचानक विचारलंत, "वंदना, ते मधल्या जागेचं काय केलं तू?"

मला कळलं होतं तुम्ही कशाबद्दल विचारता. एका क्षणात कळलं. आणि मी म्हटलं, "चाचा, दुपारची गोळी घेतली का?"

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मग "घेतली" म्हणालात. एवढंच आपलं शेवटचं बोलणं.

तुम्ही गेल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी मी शमीमचाचींना भेटायला गेले आणि तिथं, बायका बसलेल्या असताना, मला रडू कोसळलं. सगळ्यांना वाटलं तुमच्यासाठी. चाचींनी मला आतल्या खोलीत नेलं. मी सगळं सांगितलं. दोन रेघा, तिसरी रेघ, पेढे, गोळी.

त्या ऐकत राहिल्या. "मले कंप्युटरचं नाही समजत बेटा. त्यायनं दोन रेघा काढल्या, तू एक केली, अन् त्यायचीच हाय म्हणून सांगतलं. एवढंच ना?"

"हो."

"आता सुधारता येते का ते?"

"येतं. पण चाचा तर..."

"मंग अठी काऊन बसली तू?"

खरंच, त्यांनी मला चहासुद्धा दिला नाही. माझी पर्स हातात दिली.

घरी येऊन तुमचे सगळे कागद काढले. या वेळी तुम्ही काढलंत तसंच ठेवलं. पक्कं लाल, पक्कं हिरवं, आणि मधली सांगता न येणारी जागा. मुंग्या पुन्हा सोडल्या. त्यांचा माग आधीसारखाच तुमच्या मधल्या पट्ट्यातून गेला, तुमच्या दोन रेघांपैकी एकीवरही पडला नाही. माझी जुनी जुळणी घसरली. ते अपेक्षित होतं. जे अपेक्षित नव्हतं ते दोन दिवसांनी दिसलं. काही पानांच्या देठांना तुम्ही लाल दोरा बांधला होता, त्यांचे फोटो मी आठवड्यानं पुन्हा काढले होते. ते फोटो मी कधी उघडलेच नव्हते, कारण पेपरात त्यांचं काम नव्हतं. आता ते तुमच्या जुन्या कागदांशेजारी ठेवले. कितीतरी पानांवर, सगळ्या नाही पण कितीतरी, आठवड्यानंतरची लाली तुमच्या हिरव्याकडच्या रेघेपाशी येऊन थांबलेली होती.

म्हणजे मधली जागा रिकामी नव्हती. लाल्या पुढं कुठवर जाणार ते तुम्ही आखून ठेवलं होतं. शेतकऱ्याच्या कामाचं जे काही होतं ते नेमकं त्या पट्ट्यात होतं, आणि मी तो एका संध्याकाळी पुसला.

तुम्हाला हे ठाऊक होतं का चाचा? म्हणून दोरे बांधले का? की नुसतं पाहून पाहून हाताला कळलं होतं, आणि दोरे फक्त पान पुन्हा सापडावं म्हणून? ट्रेसिंग पेपरवर तुम्ही एक अक्षरही लिहिलेलं नाही. माझ्या गोळीच्या प्रश्नाआधी तुम्ही हेच सांगणार होतात का? हा प्रश्न मला झोपू देत नाही, जेवू देत नाही, आणि याचं उत्तर जगात दुसऱ्या कोणाकडं नाही.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "छापून झालेलं कशाला उकरून काढतेस? नोकरीवर येईल." येईल कदाचित. मी परवा नियतकालिकाला पत्र पाठवलं. काय केलं ते लिहिलं. कडा कोणी आखल्या त्यांचं नाव लिहिलं, पूर्ण नाव, गावासकट. उत्तर अजून आलेलं नाही.

आज सकाळी बाबांच्या शेतात गेले. यंदा त्यांनी थोडीच कपाशी लावली आहे, पण लाल्या आहेच. पोतं टाकून बांधावर बसले. एक पान देठासकट बोटांत धरलं, उन्हाकडं केलं. पक्क्या लालाची रेघ सोपी गेली. दुसऱ्या रेघेसाठी ब्रश उचलला आणि तसाच धरून बसले. हिरवं तर सगळं हिरवंच दिसत होतं. ऊन डोक्यावर आलं.

पलीकडच्या बांधावरून बाबांनी हाक मारली, "काय करून राह्यली वं इतक्या वेळची?"

"पाहून राह्यली बाबा."

"काय दिसते?"

"अजून काही नाही," मी म्हटलं, आणि पान पुन्हा उन्हाकडं केलं.